डाव्या भट्टीचं दार

२००६ सालच्या डिसेंबरात मी बुडालेल्या एका आगबोटीवर डायव्हिंग केलं आणि जे बघायला गेलो होतो ते न बघता वर आलो.

ती मालवाहू बोट दक्षिणेतल्या एका बंदराबाहेर, फार खोल नसलेल्या पाण्यात पडून आहे. माझे वडील तरुणपणी तिच्यावर आगवाला होते. बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकायचं काम. एका फेरीत ताप आला म्हणून ते मधल्या बंदरात उतरले. त्यांच्या जागी मोहल्ल्यातला त्यांचा मित्र उभा राहिला. त्याच फेरीत बोट बुडाली. मित्र सापडला नाही. वडिलांनी समुद्र सोडला आणि भिवंडीत लूम चालवले.

आई गेल्यावर ते घरात एकटेच असत. मी मुंबईत, वर्तमानपत्रात. कधीमधी जायचो, बोलणं थोडंच व्हायचं. मी डायव्हिंग शिकलो हे कळल्यावर त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं.

"डावी भट्टी त्याची. दार उघडा हाय का बंद, तेवढा बघून ये."

"कशाला, अब्बा?"

"कोळसा टाकतानाच उघडतात. उघडा असंल त कामावरच पाणी आला. बंद असंल त निघाला व्हता. जिन्यापर्यंत तरी."

बोटीची एक बाजू कोसळलेली होती, त्यामुळे बॉयलर बाहेरूनच दिसला. भट्ट्यांची तोंडं बारीक गाळानं झाकलेली होती. आमच्या घरात लूममधून उडालेले कापसाचे तंतू असेच बसत. ताटावर, रेडिओवर, वहीवर. काही बघायचं तर आधी हातानं झटकायचं. मी झटकलं. गाळ उठला. मला माझा हातही दिसेना. गाइडनं दंड धरून वर आणलं.

"हाथ क्यों लगाया, भाई?" होडीत त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून वारा सुटला. होड्या निघाल्या नाहीत. रजा संपली.

वडिलांना मी जसं घडलं तसं सांगितलं.

"झटकलास?" ते हसले. "लूमवाल्याचा पोर. दर्यात जाऊन पन झाडलोट!"

मग थोड्या वेळानं, "हाताला काय लागला?"

"लोखंड."

"थंड?"

"हो."

ते उठून चहा ठेवायला गेले. त्यानंतर त्यांनी बोटीचा विषय काढला नाही. पुढच्या रमजानच्या आधी ते वारले. मी त्या बोटीवर पुन्हा उतरलेलो नाही.