सटव्याचा कागद

सटवा धनगराचं नाव काढा, तलवाड्यात कुणीही सांगेल, हाडं बसवावीत तर त्यानेच. मला विचाराल तर मी आधी माझं पाप सांगेन. ते दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि माझा दोस्त बंकट याला, आणि मी कुलकर्ण्यांच्या घरातला शिकलेला माणूस असल्यामुळे ते बरीच वर्षं खपून गेलं.

सटव्याच्या आईची, केसरबाईची, आधीची चार लेकरं पाचवीच्या आतच गेली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा तिने त्याला सटवाईचंच नाव दिलं. आमच्याकडे पाचव्या दिवशी सटवाई पुजतात. पाट्यापुढे कोरा कागद, दौत आणि बोरू मांडतात. देवी येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. कागद आपला मानापुरता असतो, दुसऱ्या दिवशी तो कुणी उलटूनही पाहत नाही. धनगराच्या घरी कागद कुठला असणार? केसरबाईने तो माझ्या आजोबांकडून मागून नेला, आणि पूजा झाल्यावर फेकवेना म्हणून लुगड्याच्या घडीत ठेवून दिला.

फसली तेराशे बावीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे बाराच्या सुमारास, केसरबाई वारली. सटवा तेव्हा बाविशीचा असेल. आईचं गाठोडं सोडताना त्याला तो कागद सापडला, दोन्ही बाजूंनी कोरा. त्या खुळ्याने मनात घेतलं की देवी आपल्या घरी आलीच नाही. तीन दिवस त्याने मेंढरं कोंडून ठेवली. चौथ्या दिवशी आमच्या ओट्याखाली येऊन उभा राहिला.

"त्रिंबकराव, जरा बगा बरं. कुटं काय बारीक लिवलंय का?"

मी कागद उन्हात धरला, मुद्दाम डोळे बारीक केले आणि म्हणालो, "काही नाही रे बाबा. कोरा आहेस तू."

ओट्यावर बंकट बसला होता, तो फिदीफिदी हसला. सटव्याने मान खाली घातली. अंगावरचं धोतर भर बाजारात फिटावं तसा तो लाजला होता. नशीब कपाळावर असतं, कागदावर नसतं, हे मी त्याला सांगितलं खरं, पण हसत हसत. तो म्हणाला, "कपाळावरचं कुनाला वाचाया येतं? ह्यो कागद तर दिसतोय." आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "देवीनं न्हाई लिवलं तर आपन लिवू. मी सांगतो, तुमी लिवा."

मी तेव्हा बीडच्या मदरशातून, म्हणजे सरकारी शाळेतून, मिडल पास होऊन आलो होतो. उर्दू येत होती, मोडी तर घरचीच. पुढच्या साली हैदराबादेला जायचं आणि वकालतीचा इम्तिहान द्यायचा, असं मी गावभर सांगत असे. एवढ्या मोठ्या माणसाला धनगराने आपला मुन्शी करावं, हे मला झोंबलं. पण करमणूक म्हणून हो म्हणालो.

लगेच काही तो सांगेना. रोज यायचा, ओट्याखाली उकिडवा बसायचा, विचार करायचा. एकदा म्हणाला, दोनशे मेंढरं व्हावीत. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "न्हाई, ते नका लिवू. मेंढरं काय, रोग आला की जात्यात." मी म्हणालो, "अरे, देवीचं एका रात्रीत लिहून होतं, तुला आठ दिवस झाले!" तो गंभीरपणे म्हणाला, "देवीला सवय हाय."

नवव्या दिवशी त्याचं ठरलं. त्याची धाकटी बहीण छबू दहा वर्षांची असताना ज्वारी राखायच्या माळ्यावरून पडली होती. मोडलेला पाय कुणी नीट बसवला नाही. ती लंगडी झाली, तिचं लग्नही राहिलं. सटवा हात जोडून, अगदी देवापुढे बोलावं तसं बोलला, "लिवा. सटवा हाडं बसवाया शिकंल. ह्या गावात पुन्ना कुनाचं लेकरू लंगडं ऱ्हानार न्हाई."

मी बोरू बुडवला आणि झोकदार मोडीत लिहिलं, 'सटवा मेंढरांमागे जन्मला, मेंढरांमागेच मरेल.' मग त्यानं जे सांगितलं होतं ते त्याला जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्याने कागद डोक्याला लावला आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. तेव्हा तरी माझी जीभ हलायला हवी होती. संध्याकाळी मी हे बंकटला सांगितलं आणि आम्ही दोघे पोट धरधरून हसलो.

सटव्याने कागद चामड्यात शिवून दंडाला ताईत बांधला. मेंढरं चुलत्याच्या हवाली केली आणि बीडपलीकडे पालीला चालत गेला. तिथे आसाराम नावाचा म्हातारा हाडवैद्य होता. त्याने सटव्याकडून वर्षभर नुसती शेरडं राखून घेतली. मग एक मडकं पोत्यात घालून फोडलं आणि म्हणाला, पोत्यात हात न घालता, वरूनच चाचपून सगळ्या खापऱ्या जुळव. सटवा सांगायचा, सहा महिने तेच केलं. खापरी जुळली की पोत्यावरून बोटाला कळायचं.

तो परतला आणि पहिलाच मोडलेला हात आला तो बंकटच्या मुलीचा. तो त्याने बसवला, बांबूच्या कांब्या बांधल्या, उडदाच्या पिठाचा लेप दिला. सव्वा महिन्याने सोडला तर कोपर वाकडं. बंकट चावडीपुढे त्याच्या अंगावर धावून गेला. "तुज्या त्या ताईतात काय लिवलंय ठावं हाय का बे तुला?"

मी बंकटचा दंड धरून त्याला बाजूला ओढला, अक्षरशः गयावया केली. लोकांना वाटलं, कुलकर्णी भांडण सोडवतोय. मी माझी अब्रू सोडवत होतो. सटवा मात्र ताईतावर हात ठेवून म्हणाला, "माजं चुकलं. अजून शिकाया पायजे." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पालीची वाट धरली. खरं सांगायचं तर मला तेव्हा बरं वाटलं, की चला, तो समोर नसेल.

दीड वर्षाने आला तो वेगळाच होऊन. पुढे चकलांब्याहून बैलगाड्या भरून माणसं त्याच्या दारी येऊ लागली. बंकटचाच पाय मोडला तेव्हा सटव्याने तो असा बसवला की मरेपर्यंत तो माझ्यापेक्षा ताठ चालायचा. बायाबापड्या पुरुषाच्या हाताला लाजतात म्हणून सटव्याने छबूला शिकवलं. लंगडत लंगडत ती गावोगाव जायची. मी पटवाऱ्याच्या दफ्तरावर बसून हे बघत होतो. आई आजारी, मग लग्न, मग मानमोडीची साथ, असं करत माझं हैदराबाद दर साली पुढच्या सालावर जात होतं. सटवा दिसला की मी वाट बदलायचो. तो मात्र लांबूनच रामराम घालायचा.

एकदा दुपारी तो आला. त्याची चाळिशी उलटून गेली होती. दंडावरचा ताईत सोडून माझ्यापुढे ठेवला.

"कातडं फाटलं बगा. छबूलाबी असाच बांदायचा म्हनतो. हेच शबूद दुसऱ्या कागदावर उतरून द्या."

बंकट तोवर वारला होता. मोडी वाचणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. नव्या कागदावर खरे शब्द लिहायचे, जुना चुलीत घालायचा, आणि विषय संपला. सगळं इतकं सोपं होतं. मी टाके उसवले, कागद उलगडला. शाई फिकी झाली होती, पण माझं वळण तसंच होतं, माजलेलं. बोरू हातात घेतला आणि तो चालेना. मला रडू आलं. मी मान खाली घालून त्याला तो कागद वाचून दाखवला. एक अक्षर लपवलं नाही.

त्याने कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला, जणू या वेळी तरी त्याला वाचता येणार होतं.

"आन् मी ह्यो रोज सकाळी डोक्याला लावला," तो म्हणाला.

"सटवा, मी चुकलो. आत्ता लिहून देतो. तू सांगितलंस तसंच."

"ऱ्हाऊ द्या. आता लिवून काय करता? समदं झालं की."

मला वाटलं होतं, तो शिव्या देईल, थुंकेल माझ्यावर. ते सोपं गेलं असतं. तो उठला, धोतर झटकलं आणि ओट्याखाली उभं राहून मला विचारू लागला, त्यात राग नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"तुमी वकील व्हनार व्हते न्हवं, त्रिंबकराव?"

"हो."

"मग कावून ऱ्हायलं? तुमचं तर कुनी वंगाळ लिवलं नव्हतं."