राजिवड्याला ऐकलेला निरोप

कोकणात जावं ते आंब्याच्या दिवसांत. आम्ही निघालो भर ऑक्टोबरात, तेही बेहरूझच्या हट्टापायी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बेहरूझ आमच्या पुण्याच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. इराणच्या संसदेत निवडून आलेला माणूस. कायदे सुधारा म्हणून लिहीत सुटला, पुस्तकावर बंदी आली, देश सोडून पळावं लागलं. आता तिकडच्या सरकारचा सांगावा आला होता, परत या, केसालाही धक्का लागणार नाही. खरं मानायचं की नाही? त्याची आई बंदराच्या गावात राहायची, पण पत्रं फोडली जायची. म्हणून यावं की नाही हे आईला विचारायला ओळखीतून त्याने दाऊदचाचांना गाठलं. चाचा रत्नागिरीच्या राजिवड्याचे, त्या बंदरात जाणाऱ्या जहाजावर खलाशी. ते नुकतेच आईला भेटून आले होते.

एसटीने कोल्हापूरवरून जा आणि आंबा घाटात खिडकी सोडू नका. बेहरूझ मात्र सारखा जागा बदलत होता, कंडक्टर वैतागला. साखरप्याचा फक्कड चहा त्याने तसाच ठेवला. मला रागच आला, चहा कुणी टाकतं का? वाटेत एवढंच बोलला, की त्यांच्याकडे माणूस निघाला की आई मागे रस्त्यावर पाणी ओतते, म्हणजे तो परत येतो. आमच्याकडे हातावर दही देतात, मी म्हटलं.

स्टँडजवळ लॉज स्वस्त मिळतो, ढेकणांसकट. दुपारी राजिवड्याला चाचांच्या घरी चाचींनी तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. त्याला तोड नाही. जेवताना चाचा मोडक्या हिंदीत सांगू लागले. आईपाशी दोन परके पुरुष बसून होते. त्यांच्यासमोर ती म्हणाली, सांग त्याला, ये, सगळं ठीक आहे. बेहरूझचा चेहरा खुलला. सुटलो बुवा, मला वाटलं.

चाचा हसत मला मराठीत म्हणाले, “म्हातारी पण चमत्कारिक हां. मी निघालो तर पाण्याचा वाडगा घेऊन दारात आली. मला वाटलं, पियाला देते. तर माझ्याकडे बघत सगळं कुंडीत ओतलंन.”

मी ते बेहरूझला सांगितलं. तो उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला.

“रस्त्यावर नाही ओतलं?”

“एक थेंब नाय.”

“तुमच्यामागे ओतलं असतं, तर ते मला बोलावणं झालं असतं. ती नको म्हणतेय.” आणि तो उष्ट्या हातानेच रडला. चाचींनी त्याच्या पानात भात वाढला.

महिन्याभरात तो युरोपला गेला. माझ्या आईने त्याच्या हातावर दही घातलं, मी रिक्षामागे अख्खा तांब्या ओतला. तो काही परत आला नाही. पुस्तकं येत राहिली. त्यांत संसद आहे, बंदी आहे, आमचं पुणंही आहे. राजिवडा आणि कुंडी मात्र कुठेच नाही. त्याची आई तिकडेच होती ना.