वाळवंटातला आडोसा

पनवेलच्या मासळी बाजारात मैना कोळी बसते ती जागा आधी तिच्या सासूची होती. पहाटे उरणजवळच्या मोरा बंदरावर माल घ्यायचा, टेम्पोने पनवेल गाठायचं आणि दुपार कलली की रिकाम्या टोपल्या घेऊन परतायचं, हा तिचा क्रम. कर्नाळ्याच्या पलीकडे ती फारशी कधी गेली नव्हती. अशी ही बाई पन्नाशीला आल्यावर, २०१२ साली, अबू धाबीच्या वाळवंटात मोटारींची शर्यत बघायला गेली. बाजारातल्या बायकांना त्याचं नवल वाटलं. मैनाला वाटलं नाही. त्या शर्यतीत तिचा मुलगा होता.

कल्पेश न्हावा-शेव्याच्या एका गॅरेजात ट्रेलर दुरुस्त करायला शिकला आणि पुढे आखातात गेला. चार वर्षं घरी आला नव्हता. वाळवंटातल्या शर्यतीत ट्रकही पळतात. आत चालवणारा, वाट सांगणारा आणि एक मेकॅनिक असतो. त्या वर्षी एका संघाने मेकॅनिकच्या जागेवर कल्पेशला घेतलं, तेही फक्त त्या एका शर्यतीपुरतं. काम पसंत पडलं तर पुढे ठेवणार होते. घरची माणसं आली की मेकॅनिकचं चित्त थाऱ्यावर राहत नाही, असं मालकाचं मत होतं आणि त्याने ते बजावून सांगितलं होतं.

"आई, तू येऊ नको," कल्पेश फोनवर म्हणाला. "मालकाला कललं तर ही जागा जाईल."

"बरं," मैना म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून जमालच्या दुकानात गेली.

जमाल पनवेलात बॅगा आणि अत्तरं विकतो. त्याआधी वीस वर्षं तो वाळवंटातल्या तळांवर पाण्याचा टँकर चालवत होता. त्याची सुरमई ठरलेली, आणि ती मैनाकडूनच. त्याचा पुतण्या शहजाद अबू धाबीत राहतो. व्हिसाचं आणि राहण्याचं त्याच्याकडून जमणार होतं.

"पोरगा नको म्हणतोय ना?" जमालने विचारलं.

"त्याला कशाला सांगायचा? मी लांबून बघंन. शर्यत झाली का शहजादच्या घरी भेटंन."

"मैनाबाय, तिथे कुंपण नसतं. लांब कुठे आणि जवळ कुठे, हेच कळत नाही."

"म्हनून तर तुला इचारते."

जमालने खुर्ची पुढे ओढली. शर्यत गोल फिरत नाही, गाडी एकदा गेली की गेली. उजाडायच्या आत पोचायचं, तेव्हा वाळू थंडीने घट्ट असते. शहजाद जीपच्या टायरांतली हवा कमी करेल, पंक्चर झालं म्हणून आरडाओरडा करायचा नाही. चपला नकोत, बंद बूट. पाणी लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट. छत्री नेलीस तर वाऱ्याला देऊन येशील. आधी मोटरसायकली जातात, मग मोटारी, ट्रक सगळ्यात शेवटी.

"आन बसायचा कुठं?"

"टेकडीच्या अंगावर, बाजूला, वाऱ्याकडे तोंड करून. येणारी गाडी तुला दिसली पाहिजे आणि तिला तू. टेकडीच्या पाठीमागे, आडोशाला, हरगिज नाही. गाडी वरून तिथेच उतरते."

"तोंडात वालू जाईल."

"मग तोंड बंद ठेव. बाजारात जमत नाही, तिथे बघ जमतं का."

मैनाने सगळं पाळलं. अंधारात पोचली, बूट घातले, टेकडीच्या अंगावर बसली. मोटरसायकली गेल्या, मोटारी गेल्या. उन्हाबरोबर वारा वाढला आणि वाळू सुयांसारखी टोचू लागली. ट्रकचा पत्ता नव्हता. शहजाद खाली जीपपाशी पाणी आणायला गेला. मैनाने भाकरीचं फडकं सोडलं, तर भाकरीवर वाळू.

मोऱ्याच्या किनाऱ्यावर माणूस वारा सुटला की होडीच्या आडोशाला जातं. जाळं तिथेच शिवायचं, जेवायचं तिथेच, तान्ही पोरंही तिथेच निजवायची. त्यासाठी कोणी विचार करत नाही. मैनाही विचार न करता उठली, टेकडीची धार ओलांडून पलीकडे उतरली आणि वाळूला पाठ लावून बसली. वारा एकदम थांबला. तिला बरं वाटलं.

शिट्टी ऐकू आली तेव्हा तिच्या तोंडात घास होता. शर्यतीचा एक माणूस धारेवरून लाल झेंडा हलवत धावत होता. मागोमाग तिच्या डोक्यावर आभाळात ट्रकचं नाक आलं आणि तिथेच थांबलं. पुढची चाकं अधांतरी, पोट वाळूवर टेकलेलं.

दार उघडून हेल्मेट घातलेला एकजण फावडं घेऊन उतरला. त्याच्या उडी मारण्यावरूनच मैनाने ओळखलं. ती धडपडत वर गेली आणि दोन्ही हातांनी चाकाखालची वाळू ओढू लागली.

"हात नको लावू," मान वर न करता कल्पेश म्हणाला. "भायेरच्या मानसाचा हात लागला तर दंड बसंल."

मैनाने हात मागे घेतले.

"बाजूला जा. कोन इचारला तर मला वलखत नाय, सांग."

झेंडेवाल्याने दाखवलं तिथे ती जाऊन उभी राहिली. मागचे दोन ट्रक दुसऱ्या बाजूने निघून गेले. मग कल्पेशचा ट्रक सुटला आणि उतारावरून खाली गेला. तो तिने नीट पाहिला.

झाल्या प्रकाराचा जबाब द्यायला शहजादला संध्याकाळी तळावर बोलावलं होतं. मैना जीपपाशी थांबली. थोड्या वेळाने ट्रकचा उंच, गोरा ड्रायव्हर तिच्याकडे आला. दुभाषा म्हणून त्याने बरोबर कल्पेशला आणलं होतं.

"बाई, ते म्हनतात, तुमी घाबरला असाल, माफ करा," कल्पेश म्हणाला. जन्मात त्याने आईला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं.

"त्यांना सांग, चूक माजी हाय. आडोसा बघून बसले."

ड्रायव्हरने आणखी काही विचारलं.

"इचारतात, तुमी कोनाला बघाला आल्या?"

मैनाने ड्रायव्हरकडेच बघितलं. "सांग, टरक बघाला आले. आमच्या बंदरात लय असतात, पन असे उडत नाय."

ड्रायव्हर हसला. त्याने तिचा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि कल्पेशच्या खांद्यावर थाप मारली. दोघं निघून गेले.

ट्रक शेवटच्या दिवसापर्यंत टिकला. नंबर आला नाही, पण मालकाने कल्पेशला पुढच्या वर्षासाठी ठेवून घेतलं. ही बातमी घेऊन तो शहजादच्या घरी जेवायला आला.

"आई, तू लय सफाईत खोटा बोलतेस," पानावर बसताना तो म्हणाला.

"बाजारात बसते रे मी."

पुढच्या वर्षी शर्यतीचे दिवस जवळ आले, तशी जमालने सुरमई घेताना चौकशी केली. तिकिटं आत्ताच बघायला हवीत, नंतर महागतात.

"मी नाय जात," मैना मासा कापता कापता म्हणाली. "तो डायवर आता मला वलखतो."