विहारातल्या टीव्हीवरचे पट्टे

आधीच माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. माझं सगळं शिक्षण हिंदीत झालं, आणि घरी जी मराठी आम्ही बोलतो ती पुस्तकातल्यासारखी नाही. ही लिहायची मराठी मी आमच्या वॉर्डातल्या विहाराच्या कपाटातली पुस्तकं वाचून शिकलो, म्हणून कुठं शब्द चुकला तर समजून घ्यावं. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. आठवणी लिहाव्यात एवढं माझं वय नाही आणि तसं काही घडलेलंही नाही. माझ्याकडं फक्त एका टीव्हीची गोष्ट आहे, तीही बिघडलेल्या.

बाबा मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या एका राइस मिलमध्ये पोती वाहायचे. मी बारावीत असताना ते थप्पीवरून पडले आणि त्यांचा खुबा मोडला. त्याआधी ते दरवर्षी दसऱ्याला गोंदियाला गाडी बदलून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. पडल्यानंतरचे दोन दसरे ते घरीच होते. त्या दिवशी ते भिंतीकडं तोंड करून झोपायचे आणि माय आम्हाला खुणेनं गप्प करायची.

विहारात मोठा टीव्ही घ्यावा आणि ज्यांना जाता येत नाही त्यांनी दसऱ्याचा कार्यक्रम तिथं बसून पाहावा, ही गोष्ट मीटिंगमध्ये बाबांनीच काढली. लोकांना पटली. वर्गणी झाली. कोणता घ्यायचा ते पाहायला मला गोंदियाला पाठवलं, कारण मी बीएस्सीला होतो आणि अध्यक्षकाका म्हणाले, "हा सायन्सले आहे, याले समजते." अध्यक्षकाका म्हणजे आमच्या विहार समितीचे अध्यक्ष, पोस्टातून रिटायर झालेले.

दुकानात दोन प्रकारचे टीव्ही शेजारी शेजारी लावले होते. मी प्लाझ्मा निवडला. त्यातल्या माणसांच्या चेहऱ्यांचा रंग मला खरा वाटला. म्हणजे मी तो रंगासाठीच घेतला, हे सांगून ठेवलं पाहिजे.

टीव्ही आषाढी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी आला. पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो आणि तीन महिने विहारात रोज ग्रंथवाचन चालतं. बंद असला की टीव्ही भिंतीवर मोठा काळा दिसायचा आणि वाचायला बसलेल्या बायांना त्यात स्वतःची सावली दिसायची. एक काकू म्हणाल्या, "हे काळं तोंड काहून लटकवून ठेवलं रे? काही तरी दाखव त्यात."

मी सायबर कॅफेतून पंचशील झेंड्याचं चित्र पेन ड्राइव्हवर आणलं आणि ते पूर्ण पडदाभर लावलं. उभे पट्टे, निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, आणि शेवटच्या सहाव्या पट्ट्यात तेच पाच रंग एकावर एक. उजेड दुकानात होता तसा पूर्ण वाढवून ठेवला. काचेतून झेंडा असा काही दिसला की बायांनी उठून हात जोडले. त्यानंतर रोज सकाळच्या वंदनेला मी पेन ड्राइव्ह लावायचो आणि संध्याकाळचं वाचन संपेपर्यंत झेंडा तसाच असायचा. कॉलेजला जाताना मी मुद्दाम वाट वाकडी करून विहारावरून जायचो. दारातून तो निळा पट्टा रस्त्यापर्यंत दिसायचा.

दीड महिन्यानंतर एका रविवारी क्रिकेटची मॅच होती. मैदान दिसलं आणि मागं कोणी तरी म्हणालं, "बे, हे मैदान आहे का बांध्या?"

खरंच, हिरवळीत धानाच्या बांध्यांसारखे तुकडे पडले होते. डावीकडं हिरवं पिवळट, त्याच्याजवळचं काळपट निळं, मधलं आणखी वेगळं.

"इकडची रोवणी झाली, तिकडची राह्यली वाटते," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. मी पण हसलो. तो शेवटचा दिवस, त्यानंतर त्या टीव्हीसमोर मला हसू आलं नाही.

सुरुवातीला वाटलं, केबलचं काम आहे. घरचा केबलचा डब्बा नेऊन लावला, पट्टे तसेच. तारा बदलल्या. रंगांच्या सगळ्या सेटिंग पहिल्यासारख्या केल्या. लाइट कमी-जास्त होते म्हणून एकाकडून स्टॅबिलायझर मागून आणला आणि चार दिवसांनी परत नेऊन दिला. मग बस स्टँडजवळच्या मेकॅनिकला बोलावलं. आमच्या वॉर्डातले सगळे जुने डब्बा टीव्ही त्यांनीच जिवंत ठेवले होते. त्यांनी आधी लाऊडस्पीकर लांब ठेवायला लावले, लोहचुंबकानं रंग फाटतो म्हणून. नंतर पिशवीतून तारेचं एक मोठं कडं काढलं, लाइटला जोडलं आणि पडद्यासमोर गोल गोल फिरवत मागं मागं गेले. जुन्या टीव्हीचे डाग असे जातात. या टीव्हीत पिक्चर ट्यूबच नाही हे मला माहीत होतं, पण त्यांच्यापुढं ते बोलायची माझी हिंमत झाली नाही. बाया ग्रंथ मिटून पाहत होत्या. दहा मिनिटांनी त्यांनी कडं गुंडाळलं आणि म्हणाले, "काँच के अंदर का मामला है भैया. मेरे बस का नहीं." त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

मी कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली. इंजिनीअर जबलपूरहून येईल, वेळ लागेल, असं सांगितलं.

मधल्या दिवसांत मी एक साधं पांढरं चित्र तयार करून पडद्यावर लावलं, म्हणजे बिघाड नीट दिसेल. दुपारची वेळ होती, विहारात कोणी नव्हतं. पांढऱ्यावर पट्टे चांगलेच उठून आले. पहिला पिवळसर, दुसरा निळसर, तिसरा हिरवट, चौथा मळक्या धोतरासारखा, पाचवा पुन्हा निळसर. मी वहीत आकृती काढली आणि मायच्या शिलाईच्या टेपनं रुंदी मोजली. सगळे सारखे निघाले. बिघाड असा मोजून बसत नाही, हे मला तिथंच खटकलं. मग उजव्या टोकाला गेलो. तिथं उभा पट्टा नव्हताच. वेगवेगळ्या रंगांचे पाच तुकडे होते, एकावर एक.

मी टेप हातात धरून खाली बसलो.

रंग उलटे होते म्हणून इतके दिवस कोणी ओळखलं नव्हतं. जिथं रोज बारा तास निळा पेटत होता, तिथला निळा थकून गेला होता, आणि पांढऱ्यातला निळा कमी झाला की पिवळसर उरतं. लालाच्या जागी लाल थकला, म्हणून हिरवट. काचेत आमचाच झेंडा बसला होता. सायबर कॅफेत एका इंग्रजी पानावर तेच वाचलं. नव्या प्लाझ्मावर सुरुवातीचे दिवस उजेड कमी ठेवावा आणि एकच चित्र फार वेळ ठेवू नये. टीव्हीसोबतच्या पुस्तिकेतही ते होतं. ती पुस्तिका माझ्याजवळच होती. इंग्रजी होती म्हणून मी नुसती चित्रं पाहून तारा जोडल्या होत्या.

बाबा अंगणात खाटेवर बसले होते. त्यांना सांगितलं.

"झेंड्यानं खराब झाला?" ते म्हणाले.

"झेंड्यानं नाही बाबा. एकच चित्र रोज ठेवल्यानं. मीच ठेवलं."

"लोकं त झेंड्यानंच म्हणतीन."

मी खाटेच्या कडेला बसलो.

"दसऱ्यापर्यंत दुरुस्त होते का?"

"काच बदलली त होते. कंपनीनं द्याले पाहिजे."

"मंग अध्यक्षाले सांग. मले सांगून काय फायदा, मी काय काच बनवतो?"

अध्यक्षकाकांना सांगितलं तेव्हा संध्याकाळच्या वाचनाची मंडळी बसली होती. ते शांत माणूस, पण त्यांचा चेहरा बदलला. "अबे, तुले दुसरं काही भेटलं नाही का दोष द्याले? झेंडाच भेटला?"

"दोष माझा आहे काका."

"कॉलेजात हेच शिकवते काय रे?" काळं तोंड म्हणणाऱ्या काकूच बोलल्या. "आम्ही हात जोडत होतो त्याले. आमच्या हात जोडण्यानं टीव्ही बिघडला म्हण ना."

मी समजावायचा प्रयत्न केला, पण थकलेला रंग म्हणजे काय हे मला कोणत्याच भाषेत नीट सांगता आलं नाही. शेवटी अध्यक्षकाका म्हणाले, "इंजिनीअर येईन त कोणी काही बोलू नका. टीव्ही नवीन आहे, काच खराब निघाली, बस." सगळे हौ म्हणाले. मी मान हलवली.

इंजिनीअर दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी आला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. त्यानं स्वतःचा पेन ड्राइव्ह लावला, पडदा पांढरा केला, आणि मिनिटभर पाहून फॉर्म काढला.

"कोई फोटो लगाके रखते थे क्या? एक ही फोटो, दिनभर?"

"नाही साहेब," अध्यक्षकाका म्हणाले. "बंदच राहते."

रिमोट माझ्या हातात होता. तो माझ्याकडं वळला. "आप बताइए."

"जी," मी म्हणालो. "झंडा. रोज."

त्यानं पेन उचलून धरलं. "सोच लो भैया. मैं हाँ लिखूँगा तो वारंटी में दिक्कत आएगी."

मी पुन्हा तेच बोललो. का बोललो ते मला अजून नीट सांगता येत नाही. समोर बुद्धमूर्ती होती म्हणून, असं कोणी म्हटलं तर मला बरं वाटेल. पण खरं म्हणजे त्यानं मला विचारलं आणि मला उत्तर माहीत होतं. कॉलेजात गेल्यापासून असं फार वेळा झालेलं नव्हतं.

त्यानं लिहिलं. रिपोर्ट वर पाठवतो, निर्णय तिथून येईल, तोपर्यंत पडद्यावर रोज काही तास साधा पांढरा रंग चालवा, थोडा फरक पडला तर पडला, असं सांगून तो गेला. कोणी ओरडलं नाही. अध्यक्षकाकांनी माझ्या हातातून रिमोट घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. तो तिथं मावत नव्हता, तरी ठेवला.

घरी बाबा म्हणाले, "बोलला ते बरोबर बोलला तू." थोड्या वेळानं म्हणाले, "पण मले आता पिवळं-निळंच पाहा लागन."

पंधरा दिवस पांढरा रंग चालवला. सकाळी अध्यक्षकाका येऊन टीव्ही लावून द्यायचे आणि माझ्याशी न बोलता जायचे. कडा किंचित विरल्यासारख्या वाटल्या, पण ते मला वाटायचं. माझ्याशिवाय कोणाला दिसलं नाही.

दसऱ्याला विहार भरलं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बाबांना मांडी घालता येत नाही म्हणून मी त्यांना खुर्चीवर समोर बसवलं. पडद्यावर दीक्षाभूमी दिसली. मैदानात सगळे पांढरेच लोक, म्हणून एकही पट्टा लपला नाही. माणसं चालत पडदा ओलांडायची आणि चालता चालता त्यांचे रंग बदलायचे.

"पाह्य," बाबा शेजारच्याला म्हणाले, "पिवळा निघाला, निळा झाला, आता हिरवा होऊन राह्यला. स्तूपाजवळ पोचेपर्यंत काय होते काय माहीत."

शेजारचा हसला. मागच्या काही बाया पण हसल्या. मग बाबांनी मला बोलावलं. "मले तिकडं सरकव. चवथ्याच्या समोर." चौथ्या पट्ट्यात पांढरं मळकं होतं, पण पांढरंच होतं. मी खुर्ची सरकवली. हाताची पोकळ मूठ त्यांनी एका डोळ्यापुढं धरली, म्हणजे तेवढाच पट्टा दिसावा, आणि ते पाहत राहिले. त्यात एका वेळी दोन-तीन माणसं मावत होती. हात भरून आला की दुसरा हात धरायचे. वंदना सुरू व्हायच्या आधीच ते म्हणाले, "चाल, घरी चाल." वाटेत काठीचा आवाज तेवढा होता.

दसऱ्यानंतर मी कंपनीच्या नंबरवर दर आठवड्याला फोन करायचो. रिपोर्ट वर गेला आहे, असं प्रत्येक वेळी नवा माणूस सांगायचा. दिवाळी गेली, धान कापून झालं, मिलांचा भुसा वॉर्डभर उडायला लागला. टीव्हीवर कोणी तरी चादर टाकली. बाबांनी त्याबद्दल विचारणं सोडलं आणि मला वाटतं, त्याबद्दल विचार करणंही.

फेब्रुवारीत कॉलेजच्या लॅबबाहेर उभा होतो तेव्हा फोन आला. तोच जबलपूरचा इंजिनीअर. म्हणाला, कंपनीनं प्लाझ्मा बनवणंच बंद केलं आहे, ती काच आता कुठंच मिळणार नाही, तुम्हाला कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. मी विचारलं, मी हो म्हणालो नसतो तर?

"तो भी नहीं आती," तो म्हणाला. "आपका फॉर्म ऊपर किसी ने खोला ही नहीं."