बघायच्या कार्यक्रमात मनगट

माझे कान हलतात. हे मी कुणाला सांगत फिरलो नव्हतो. कॉलेजच्या शरीररचना विभागात मी अटेंडंट होतो. एकदा दोन्ही हात फॉर्मलिनच्या पाण्यात असताना कानावर माशी बसली. हात रिकामा नव्हता म्हणून कान हलवून उडवली, आणि नेमकं ते सरांनी बघितलं. झालं! पुढं प्रत्येक नव्या बॅचसमोर मला उभं करून सर म्हणायचे, "गाईला हे स्नायू आजही लागतात. माणसाला लागत नाहीत, पण गेलेही नाहीत. हं, हलव रे." मी हलवायचो. पोरं बाकं बडवायची. मग मी खाली मान घालून ट्रे पुसायला जायचो.

सर तुलनात्मक शरीररचनेचे. माणसाचा हात शिकवायचा तर शेजारी कुत्र्याचा पाय, माकडाचा पंजा, वटवाघळाचा पंख मांडल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्यातही जीव कशात, तर अंगात नुसत्या उरून राहिलेल्या गोष्टींत. माकडहाड, आंत्रपुच्छ, डोळ्याच्या कोपऱ्यातला तो गुलाबी तुकडा. काळीज, फुप्फुसं वगैरे कामाची मंडळी त्यांच्या लेखी दुसऱ्या रांगेत. मटणवाल्या चाचांकडून शेळीचे पुढचे पाय आणायला मला पिटाळायचे. चाचा म्हणायचे, "रोज रोज पाये कोण खातं रे तुमच्यात?" अभ्यासाला लागतात म्हटलं तर त्यांचा विश्वास बसायचा नाही.

पण सगळ्यात वैताग मनगटाचा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट थोडं आत वाकवलं, की बऱ्याच जणांच्या मनगटात मधोमध एक दोरी उठून दिसते. काहींच्या हातात ती नसतेच, आणि नसल्यानं काही अडतही नाही. सर एसटीच्या कंडक्टरला करंगळी टेकवायला लावायचे, पोस्टमनला लावायचे, बँकेत रांग थांबवून कॅशियरला लावायचे. लोकांना वाटायचं, हात बघतात. एका बाईंनी तर बदलीचा योग कधी आहे ते विचारलं. माझ्या डाव्या हातात दोरी नाही हे कळल्यावर सरांना इतका आनंद झाला, की मला मुलगा झाला असता तरी तेवढा झाला नसता.

"पुरे करा, सर," असं म्हणायची माझी टाप नव्हती. मी भंडाऱ्याकडचा. आठवीत शाळा सुटली, आणि कॉलेजची इमारत बांधायला आलेल्या टोळीबरोबर नगरला आलो. काम संपलं, टोळी निघून गेली, मी तापानं फणफणत मागं राहिलो. सरांनी उचलून घरी नेलं. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, मला पेज पाजून उभं केलं. पुढं नोकरी लागली ती सरांच्या शब्दावर, पक्की झाली ती त्यांच्याच शब्दावर, आणि राहायला खोली त्यांच्याच घरामागची. अशा माणसापुढं तोंड कसं उघडायचं? एखाद्या दिवशी चुकून काही बोलून जाईन आणि हे सगळं जाईल, या धास्तीत मी होतो.

त्यात लग्नाचं वय होऊन चाललं. स्थळं यायची आणि एकच विचारायची, "मुलाचं इथं कोण?" वडील कधीच गेलेले, आई गुडघ्यांनी अडलेली, एवढ्या लांब येणार कशी? मग विहारात ओळख झालेल्या एका गृहस्थांनी पुणतांब्याचं स्थळ आणलं. आमच्यातलंच, बौद्ध घर. मुलीचे वडील पाटकरी, म्हणजे कालव्याच्या दारांवर पाणी सोडायला आणि बंद करायला. मुलगी बारावी झालेली. वडीलकीला मी येतो, असं सर आपणहून म्हणाले तेव्हा मला भरून आलं. आणि लगेच घाम फुटला.

मनमाडकडं जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये मी धीर करून म्हटलं, "सर, तिथं तेवढं कानाचं काढू नका."

"मला काय अक्कल नाही का रे?" सर म्हणाले. काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या.

सरांनी शब्द पाळला. कानाचं अवाक्षर काढलं नाही.

जयभीम झाला, पाणी झालं, पोहे आले. मुलगी बसून गेली. मला ती आवडली, आणि तिनंही एकदा नीट वर बघितलं असं मला वाटलं. मुलीचा मामा जरा तिखट, पण वडील मऊ. गाव विचारलं, पगार विचारला, आईची तब्येत विचारली. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात वडिलांनी सरांपुढं चहाचा कप धरला आणि सरांची नजर त्यांच्या मनगटावर गेली.

"जरा अंगठ्याला करंगळी टेकवा बरं," सर म्हणाले.

वडिलांनी बिचाऱ्यांनी टेकवली.

"वा! तुमच्यातही नाही! आमच्या ह्याच्याही डाव्या हातात नाही."

"काय न्हाई?" मामानं कान टवकारले.

"ही मधली दोरी."

"म्हंजी पोराच्या हातात शीर कमी हाय?"

"कमी नाही हो, तिची गरजच नाही. झाडावर राहणाऱ्या माकडांना लोंबकळायला लागते. आपल्यात नुसती उरलीय, कुणात आहे, कुणात नाही."

मामानं कप खाली ठेवला. "गुरुजी, लोकांनी आमाला आजवर लई काय काय म्हनलं. पर घरात येऊन, पोहे खाऊन, माकड म्हननारे तुमीच पयले."

"अहो, मीसुद्धा माकडच!" सर उत्साहानं म्हणाले.

"ते दिसतंय," मामा म्हणाला.

आत कुणीतरी फिसकन हसलं. काकू म्हणाल्या, "अहो, चहा निवतोय." पण सर कुठले ऐकतात! त्यांनी मामाचाही हात धरला. मामाच्या मनगटात दोरी अशी ताठ, की लांबून दिसावी. मामा फुगला. "बगा! आमच्याकडं समदं शाबूत हाय. दाजी, खोट आसलेलं पोरगं कशाला करायचं?"

वडील अजून स्वतःच्या मनगटाकडंच बघत होते. मग त्यांनी आत हाक मारून मुलीला हात दाखवायला लावला. तिच्या एकाही हातात दोरी नव्हती. बापाची लेक.

मामा आता भाचीतच खोट काढणार कसा? मला वाटलं, निभावलं. आता सरांनी फक्त गप्प बसायचं होतं. फक्त गप्प.

"उत्तम!" सर म्हणाले. "आता ह्यांच्या मुलांमध्ये काय होतं ते बघायला पाहिजे!"

मुलगी तडक आत गेली. मामा उठून अंगणात गेला. आम्ही "कळवतो" एवढं ऐकून स्टेशनवर आलो. येताना गाडीत सर खुशीत होते. "काय सुरेख घर आहे रे," म्हणाले. काकूंनी पिशवीतलं संत्रं सोलून माझ्या हातात दिलं आणि सरांना दिलं नाही.

बरेच दिवस काही निरोप आला नाही. मी आशा सोडली. एका दुपारी मुलीचे वडील विभागाच्या दारात उभे. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात काम होतं म्हणाले. मी स्टूल पुसून दिलं. आधी त्यांनी सरांनाच विचारलं, "साहेब, ही शीर न्हाई तर रिटायर हुईस्तोर हात टिकंल का? दारं लई जड असत्यात."

"इतकी वर्षं टिकला ना? टिकेल," सर म्हणाले.

त्यांना हायसं वाटलं. मग मला जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पाव्हनं, मेव्हन्याचं सोडा. पोरीनं एकच इचारायला सांगितलंय. म्हनली, त्या सरांम्होरं ह्या मानसाला बोलता येतं का? का लग्न झाल्यावर बी तेच बोलनार अन् हे गप बसनार?"

तेवढ्यात सर मागून आलेच. "बरं झालं आलात! पुढच्या रविवारी आम्ही दोघं येतो. तुमचे भाऊ, त्यांची मुलं, सगळ्यांना बोलावून ठेवा. एका घराण्याची मनगटं एकत्र कुठं मिळतात!"

वडील माझ्याकडं बघत होते. खोली, नोकरी, पेज, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"नाही, सर," मी म्हटलं. "त्यांच्या घरी कुणाचं मनगट बघायचं नाही. तुम्ही यायचं ते माझे वडील म्हणून यायचं. नाहीतर यायचं नाही."

सर चष्मा काढून पुसत म्हणाले, "अरे, मग हे आधी नाही का सांगायचं?"

आधी! मुलीच्या वडिलांनी टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणाले, "आता तारीख काढायला या. रविवारी."