मामांची भिंत आणि मामींचा कृष्ण

जगातली माणसं आधी घर बांधतात आणि मग त्यात राहायला जातात. आमचे मामा आधी राहायला गेले आणि मग त्यांनी घर बांधलं. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ, तंजावरच्या एका शाळेत भूगोलाचे मास्तर. मी साताऱ्याची. लग्न होऊन तंजावरला आले त्याच आठवड्यात मला मामांच्या 'नव्या घरी' नेण्यात आलं. तिरुवैयारूच्या रस्त्याला रिक्षा थांबली, तर समोर मोकळं माळरान, आणि जमिनीवर चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेघा. मधोमध मामा-मामी चटई टाकून बसलेले. मी आपली सरळ त्यांच्याकडे चालू लागले, तोच मामा ओरडले, "अय्यो, सूनबाई! भिंतींतून काय येतेस? दार तिकडे आहे!" मी मुकाट्याने मागे फिरले, नसलेला उंबरठा ओलांडला आणि नसलेल्या दारातून आत गेले. मग मामा प्रसन्न हसून म्हणाले, "ये, बैस. प्रवास सुखरूप जाहला?" मला वाटलं, आपण चुकून एखाद्या ऐतिहासिक नाटकात शिरलोय. त्यांचं मराठी तसंच होतं, तीनशे वर्षं जपून ठेवलेलं, वर तमिळ हेल. मामी कॉफी आणायला उठल्या, त्याही रेघ न ओलांडता, व्हरांड्याला वळसा घालून, 'स्वयंपाकघरातून' थर्मास घेऊन आल्या. गंमत म्हणून नव्हे हं. सवयीने!

आता मामींबद्दल सांगायला हवं, कारण घर हवं होतं ते त्यांना. लग्नात त्यांच्या आईने त्यांना एक चित्र दिलं होतं. आपल्या तंजावरचंच, लोण्याचा गोळा हातात घेतलेला बाळकृष्ण. फणसाच्या फळीवर चढवलेला, सोन्याचा वर्ख, काचेचे खडे, आणि वजन एवढं की उचलायला दोन माणसं लागावीत. पण भाड्याच्या घरात खिळा ठोकायला बंदी. मालक खालच्या मजल्यावर राहायचा, आणि त्याचे कान असे तिखट की वर कुणी नारळ फोडला तरी तो जिन्यात हजर. त्यामुळे कृष्ण जुन्या रेशमी लुगड्यात गुंडाळून पलंगाखाली. गोकुळाष्टमीला तेवढा बाहेर निघायचा. तिकडे त्या दिवशी उंबऱ्यापासून देवापर्यंत तांदळाच्या पिठाने बाळकृष्णाची इवलीइवली पावलं काढतात. मामींच्या घरी ती पावलं थेट पलंगाखाली जायची. दुसऱ्या दिवशी पावलं पुसली जायची, आणि पलंगाखालचा पलंगाखाली. मामी कधी कुरकुरल्या नाहीत. "आपल्या घरांत लागेल हो," एवढंच म्हणायच्या.

आणि मामा घर बांधू लागले! मामांच्या खिशात तेव्हा कायम एक ओळंबा असे. कुणाच्याही घरी गेले की चहा येण्याआधी दोरी सोडून भिंत सरळ आहे का ते बघत. एका लग्नात त्यांनी मांडवाच्या केळीच्या खांबाला ओळंबा लावला आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, "डावीकडे कलतो आहे." बाप बिचारा पांढराफटक पडला, त्याला वाटलं जावयाबद्दल काहीतरी सांगताहेत. आमच्याही घरी येऊन त्यांनी आमची झोपायची खोली वाकडी आहे असं जाहीर केलं, आणि त्या दिवसापासून आमच्या ह्यांना कुशीवर झोप येईना.

दिवस असे होते की एकाएकी बाजारात सगळं मिळू लागलं होतं. पूर्वी सिमेंटला परमिट लागे, आता दुकानदार हाका मारून बोलावत. रंगीत फरशा, रंगीत नळ, रंगीत कमोडसुद्धा! माणसाने वेडं व्हावं नाहीतर काय? मामा रोज एक नमुन्याची फरशी घरी आणत, ओल्या पायांनी तिच्यावर उभं राहत आणि घसरतो का ते बघत. एकदा खरंच घसरले, आणि कमरेला शेक घेत घेत म्हणाले, "ही बाद." न्हाणीघराची तर कहाणीच झाली. फरशी बसवली, पाणी ओतलं, तर ते मोरीकडे जायच्या ऐवजी दाराकडे निघालं. मामा धोतर खोचून पाण्याच्या मागे चालत गेले. "कावेरी कोठे जाते? पूर्वेस! मग हें पश्चिमेस काय म्हणून जातें?" अख्खी फरशी उखडून पुन्हा उतार काढला, तेव्हा कुठे त्यांच्या न्हाणीघराचा भूगोल बरोबर आला.

गृहप्रवेशाला गाय आत नेतात, तर तिच्या खुरांनी फरशी खरवडेल म्हणून मामांनी दारापासून देवघरापर्यंत गोणपाटं अंथरली. गाय ती खायला थांबली आणि मुहूर्त टळता टळता राहिला. ते सगळं आटोपलं आणि मामींनी कृष्णाचं लुगडं सोडलं. हॉलच्या मोठ्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथे." मामा म्हणाले, "थांब. गिलावा अजून ओला आहे."

बरं, गिलावा वाळला. मग रंग वाळायचा होता. मग पोंगल आला, पोंगल गेला, आणि मामा कुणालाही त्या भिंतीला हात लावू देईनात. स्वतः मात्र सारखे लावत. येता-जाता बोटांच्या पेरांनी ठकठक, कान भिंतीला, पुन्हा ठकठक. आम्हाला वाटलं, पक्केपणा तपासताहेत. आमचे हे ड्रिल मशीन घेऊन गेले, तर मामा भिंतीसमोर हात पसरून उभे राहिले. "आधी माझ्या छातीस भोंक पाड!" म्हणाले. कृष्ण पुन्हा पलंगाखाली. मला तर असा राग आला होता ना! जन्मभर मालकाच्या नावाने बोटं मोडली आणि आता स्वतःच मालक होऊन बसले. मामी एकदाच बोलल्या, पण काय बोलल्या! "ते मालक बरे होते हो. ते खालीं तरी राहत. हे मालक माझ्या घरांतच राहतात."

मग गोकुळाष्टमी आली. आम्ही फराळाला गेलो, तर दारापासून पिठाची पावलं निघालेली, आणि ती पलंगाकडे न वळता थेट हॉलच्या त्या कोऱ्या भिंतीशी येऊन थांबलेली. भिंतीला टेकवून कृष्ण, आणि शेजारी स्टुलावर, भिंतीकडे पाठ करून, मामी. "आज हा वर चढेपर्यंत मी उठणार नाहीं. नैवेद्य नाहीं, जेवण नाहीं," म्हणाल्या. एरवी ज्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जात नसे, त्या मामी! सासूबाईंनी समजावलं, आमच्या ह्यांनी समजावलं. मामी ढिम्म.

शेवटी मामा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि पोरासारखे रडवेले झाले. "खिळा कोठे ठोकूं? नुसत्या गिलाव्यांत हें वजन राहील? पडेल तुझ्या आईचा कृष्ण! म्हणून भिंत बांधतानाच मी आंत सागवानाचा ठोकळा बसविला. तुला नकळत. बरोबर तुझ्या डोळ्यांसमोर येईल असा. मग पेपर तपासण्यास त्रिचीला गेलों, तोंवर कोत्तनारानें वरून गिलावा करून टाकला. आणि आतां तो सांपडत नाहीं!" कोत्तनार म्हणजे गवंडी. तो तोवर दुबईला पोचलेला. म्हणजे इतके महिने ती ठकठक त्या ठोकळ्यासाठी होती! "तुझी उंची मापून सगळी भिंत वाजविली गे, नाहीं तेथें."

मामींनी कपाळावर हात मारला आणि डोकं मागे टेकलं. जरा जोरातच टेकलं. भिंत वाजली, पण भिंतीसारखी नाही. ढब्ब.

मामा गुडघ्यांवर पुढे सरकले, मामींच्या डोक्यामागे पेरं वाजवली. ढब्ब, ढब्ब. "अय्यो!" मामा किंचाळले. "बसलेले डोळे! मी तुला उभी कोठे मापली होती? भिंत बांधतांना तेलाच्या डब्यावर बसवून मापली होती!"

खिळा असा आत गेला की पाहत राहावं. कृष्ण टांगला. आणि आम्ही सगळे हसायलाच लागलो, कारण तो इतका खाली होता की आमच्या उंच ह्यांना दर्शनाला ओणवं व्हावं लागलं. मामा हसले नाहीत. म्हणाले, "हिच्या आईस शेवटीं पाठींत पोक आलें होतें. मान वर होत नसे. घरभर देव टांगलेले, आणि तिला दिसत फक्त आमचे पाय. हिला तसें व्हायला नको, म्हणून."

मामींनी पदराने डोळे पुसले. मग पदर खाली करून म्हणाल्या, "म्हणजे मी कुबडी होणार म्हणतां?"

त्यानंतर मामींनी त्या घरात मनसोक्त खिळे ठोकले. एक कॅलेंडरला, एक किल्ल्यांना, एक छत्रीला, आणि एक स्वयंपाकघरात उगाचच, ज्याला कधीच काही अडकवलं नाही. मामा प्रत्येक ठोक्याला डोळे मिटून घेत, पण तोंडातून शब्द काढत नसत.

मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. फरशांचे रंग उडालेत, न्हाणीघराचं पाणी अजून पूर्वेलाच जातं. मामांचा फोटो लावायची वेळ आली तेव्हा पुतण्यांनी शिडी आणली, दारावर उंच लावू म्हणाले, सगळ्यांकडे लावतात तसा. मामींनी शिडी परत पाठवली. फोटो कृष्णाशेजारी लागला, त्याच मापाने. परवा मी गेले तेव्हा मामी त्या भिंतीसमोर स्टुलावर बसल्या होत्या. पाठीचं अगदी धनुष्य झालंय. मान न उचलता, माझ्या पावलांवरूनच मला ओळखून म्हणाल्या, "आलीस, सूनबाई? प्रवास सुखरूप जाहला?" आणि मग मामांकडे बघून हसल्या. त्यांच्याकडे बघायला मामींना मान उचलावी लागली नाही.