नेऱ्याची माती

धाकटी जाऊ आमच्या घरात येईपर्यंत पनवेलच्या कुंभारवाड्यात आमच्या भांड्यांना काव द्यायचं काम माझं होतं. बाजारातून गेरू आणायचा, भिजवायचा, फडक्यातून गाळायचा आणि अर्धवट सुकलेल्या मडक्यांवर त्याचा पोचारा फिरवायचा. सासूबाई म्हणायच्या, "थोरलीच्या हाताला रंग हाय." त्या एका वाक्यावर मी सात वर्षं त्या घरात राबले.

ही बया नेरे गावची. पहिल्या माहेरपणाहून येताना डोंगराखालच्या ओढ्यातली तांबडी माती फडक्यात बांधून घेऊन आली. त्या मातीचा पोचारा दिलेली चार मडकी आव्यातून भाजून अशी लालबुंद निघाली, की सासूबाईंनी गेरू आणणंच बंद केलं. काव तिच्याकडे गेली आणि मला चिखल तुडवायला लावलं. शेजारणी तिची मडकी बघायला यायच्या, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. उचलून आणलेली माती ती, त्यात हिची काय हुशारी?

संक्रांतीच्या सुगडांच्या घाईतच तिची आई आजारी पडली आणि ती माहेरी गेली. जाताना काव भिजवून ठेवून गेली. सासूबाई मला म्हणाल्या, "तिचीच काव दे. तुजं डोकं चालवू नको." हे शेवटचं त्या बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं.

मी तिची काव उकिरड्यावर ओतली. मिठागराजवळच्या खाडीच्या बांधावर तशीच तांबडी माती मी कधीची हेरून ठेवली होती. ती आणून भिजवली, गाळली आणि सगळ्या सुगडांना दिली. लाल निघाली की मग सगळ्यांना सांगायचं, असा माझा बेत होता.

आवा उघडला त्याच सकाळी धाकटी परत आली. जुन्या भिंतीला लोणा लागतो तसे सगळ्या सुगडांवर पांढरे चट्टे उठले होते. सासूबाई माझ्यावर कडाडल्या, "साधा पोचारा देता आला नाय तुला?"

"मी काय करू? तिची मातीच तसली," मी म्हणाले.

धाकटी पुढे झाली. काव भिजवायच्या मडक्याच्या तळाशी थोडा गाळ उरला होता, तो तिने बोटावर घेऊन जिभेला लावला. डोंगरची माती खारट नसते. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग सासूबाईंना म्हणाली, "आत्या, वैनीवर रागवू नका. या खेपेला मीच भलत्या जागेवरची माती आणली. चूक माजी हाय."

सासूबाई निवल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाल्या, "बग, चूक अशी कबूल करतात. शिक जरा तिच्याकडून."

चूक माझी होती. त्या चुकीचंसुद्धा कौतुक तिनेच नेलं, आणि ती माझी आहे हे सांगायची माझी छाती झाली नाही.